अठ्ठावीस तारखेचं पाकीट

१४ ऑक्टोबर २०१३

ओडिलताई,

जाड पाकीट बघून छातीवर हात ठेवला असशील. ठेवू नकोस, कुणी मेलेलं नाही. हा माझा हेबियस कॉर्पसचा अर्ज आहे. राज्यातल्या सगळ्या कोर्टांचे उंबरठे झिजवून झाले, सगळ्यांनी हात झटकले. आता फेडरल कोर्ट हे एकच दार उरलंय. ते म्हणालं की याला बेकायदा कोंडलंय, तर राज्याला मला सोडावं लागेल, नाहीतर नव्याने खटला चालवावा लागेल. ते नाही म्हणालं तर मी इथेच, तुरुंगाच्या शेतात भेंडी तोडत म्हातारा होणार आणि इथल्याच मातीत जाणार. मला पॅरोल नाही, हे तुला सांगायला नको. म्हणून पुढचं नीट वाच.

अर्जात मुद्दा एकच आहे. दुकानदाराचा खून केल्याचं मी कोठडीत त्याच्यापाशी कबूल केलं, अशी साक्ष वॉल्डो पीटने दिली. त्या बदल्यात सरकारी वकिलाने वॉल्डोची स्वतःची केस गुंडाळायचं कबूल केलं होतं, आणि ज्युरीला त्याचा वाससुद्धा लागू दिला नाही. आता वॉल्डोने हे शपथेवर लिहून दिलंय. त्याच्या आईच्या, युलाली मावशीच्या, मागे लागून ते तूच लिहवून घेतलंस. तेव्हा अर्धी वकील तू आहेसच.

सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढ. एक संच घरी ठेव, बाकीचे कोर्टाच्या पत्त्यावर पाठव. ३१ ऑक्टोबरच्या आत टपालात पडलं पाहिजे, तेवढीच मुदत आहे.

हे तुझ्याकडे का पाठवलं म्हणशील. इथे प्रॉस्पर म्हणून एक म्हातारा आहे. तुरुंगाच्या वाचनालयात बसून त्याने कायदा पाठ केलाय, आमच्या बराकीतल्या सगळ्यांचे अर्ज तोच लिहितो. तो म्हणत होता, इथल्याच टपालखिडकीत दे, आणि कसलासा नियम सांगायला लागला. मी म्हटलं, तुझा नियम तुझ्यापाशी ठेव. मागचा अर्ज या खिडकीने असा गिळला की ढेकरसुद्धा दिली नाही. दुधाने तोंड पोळलंय, आता मी ताकही फुंकून पिणार. माझा भरवसा फक्त तुझ्यावर.

तुझा,
क्लोव्हिस


२९ ऑक्टोबर २०१३

क्लोव्हिस, माझ्या राजा,

झालं तुझं काम! काल दुपारी मी स्वतः पाकीट टपाल कार्यालयात नेऊन दिलं. खिडकीतल्या पोरीने ते नुसतं टोपलीत भिरकावलं, तर मी म्हटलं, अगं बाई, नीट ठेव, त्यात माझा भाऊ आहे. ती हसली. हसू दे.

आता एक सांगते, रागावू नकोस. पाकीट आलं त्याच आठवड्यात मी झेरॉक्स काढल्या. पण तसंच टाकून देववेना. सगळीकडून हरलेल्या माणसाचा वाली कोण? संत ज्यूड. त्याचा सण अठ्ठावीसला, आणि त्या दिवशी संपणारी नऊ दिवसांची प्रार्थना वीस तारखेला सुरू होत होती. हा योग मी सोडणार होते होय? तुझं पाकीट मी त्याच्या मूर्तीच्या पायाशी ठेवलं, रोज मेणबत्ती लावली, रोज प्रार्थना म्हटली. नवव्या दिवशी मिस्सा झाल्यावर पाद्रीबाबांनी पाकिटावर पवित्र पाणी शिंपडलं (थोडंसंच, शाई फुटायची भीती होती). तिथून मी थेट टपालात गेले. तू एकतीस म्हणालास, मी अठ्ठावीसलाच टाकलं. आहे की नाही तुझी बहीण हुशार?

शुक्रवारी सर्व संतांचा दिवस. मी आणि युलाली मावशी चुन्याची बादली घेऊन कबरी रंगवायला जाणार. आईच्या कबरीचा एक कोपरा खचलाय. आईला सांगेन की अर्ज गेला.

गंबोचा रस्सा करायला घेतलाय. तुझ्या वाटचा मीच खाणार, कोण अडवतंय मला?

तुझी,
ओडिल


७ नोव्हेंबर २०१३

ताई,

पवित्र पाणी! अगं, जजला वाटेल कैद्याने रडत रडत अर्ज लिहिला. पण चांगलं केलंस. खोटं कशाला बोलू, तू एवढं सगळं केलंस हे वाचून मला बरं वाटलं. माझ्यासाठी नऊ दिवस सलग कुणी काही केल्याला जमाना झाला.

कोर्टाचं कार्ड आलं. अर्जाला नंबर पडलाय. मी ते कार्ड उशीखाली ठेवलंय, आणि बराकीतले सगळे मला चिडवतात की गड्याला प्रेमपत्र आलं.

इथे आशा हा रोग आहे, ताई. लागण झालेला माणूस लगेच ओळखू येतो, जेवताना मधेच थांबतो. परवा माझंही तसं झालं. बाहेर आलो तर पहिलं काय करीन, असा विचार करत बसलो. ठरलं असं की तुझ्या मागच्या दारात खुर्ची टाकून बसीन, आणि कुणी "ऊठ" म्हटलं तरी उठणार नाही. दार उघडं असेल आणि मी आपणहून बसलेला असेन. बस, एवढंच.

प्रॉस्परने विचारलं, तुझ्या बहिणीने कधी टाकलं? मी म्हटलं अठ्ठावीसला. तो "हं" म्हणाला आणि आपल्या पुस्तकात तोंड घालून बसला. हा माणूस कधी गप्प बसत नाही. तब्येत बरी नसेल.

तुझा,
क्लोव्हिस


२० जानेवारी २०१४

ओडिलताई,

पाकीट टाकल्याची टपालाची पावती तुझ्याकडे आहे का? असेल तर लगेच पाठव. नसेल तर तसं कळव.

कारण पत्रात लिहीत नाही. तू आपली काळजी करत बसू नकोस.

क्लोव्हिस


३ फेब्रुवारी २०१४

क्लोव्हिस,

पावती सोबत आहे. "काळजी करू नकोस" असं तू म्हणतोस तेव्हा काय झालेलं असतं, ते मला तू चार वर्षांचा होतास तेव्हापासून कळतं. मी बस पकडली आणि सरळ फेडरल कोर्टात गेले.

तिथे काउंटरवर एक बाई होती, माझ्याच वयाची. तुझा नंबर सांगितला. तिने यंत्रात बघितलं आणि म्हणाली, अर्ज एक नोव्हेंबरला पोचलाय, सरकारी वकील म्हणतात एक दिवस उशीर झाला. मी म्हटलं, बाई, मी अठ्ठावीसलाच टाकलाय, ही बघा पावती. ती म्हणाली, टाकला कधी ते नाही, पोचला कधी ते बघतात. मी म्हटलं, अहो, टपालाला पाय मी लावायचे का? तिने माझा हात धरला रे. कोर्टातली परकी बाई, आणि तिने माझा हात धरला. तेव्हाच मला कळलं की आपलं वाटोळं झालंय.

नऊ दिवस. घरापासून हाकेच्या अंतरावर टपाल कार्यालय, आणि मी नऊ दिवस तुझं आयुष्य त्या प्लास्टरच्या बाहुल्याच्या पायाशी ठेवून मेणबत्त्या जाळत बसले! आल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकलं असतं तर आठवडाभर आधी पोचलं असतं. माझ्या हातांना झडून जायला काय झालं होतं?

मी जजला पत्र लिहिलंय. प्रॉस्परला विचार नाहीतर विचारू नकोस, मी लिहिलंय. सोबत त्याची प्रत आहे.

ओडिल


(सोबतची प्रत)

माननीय जजसाहेब,

मी ओडिल फ्रुजे, वय सहासष्ट, क्लोव्हिस गिडरीची थोरली बहीण. माझ्या भावाच्या अर्जाला एक दिवस उशीर झाला, तो माझ्यामुळे झाला. त्याचा यात काही दोष नाही. त्याने मला वेळेत पाठवलं होतं. मी ते संत ज्यूडच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी घरी ठेवून घेतलं. मला कायदा कळत नाही. मला वाटलं, देवाच्या पायाशी ठेवलेल्या वस्तूला उशीर होत नसतो.

शिक्षा करायची तर मला करा. मी कुठेही यायला तयार आहे. पण साहेब, तो अर्ज एकदा वाचा. उशिराचं नंतर बघा. आधी फक्त वाचा.

आपली नम्र,
ओडिल फ्रुजे


११ एप्रिल २०१४
प्रति: क्लोव्हिस गिडरी. प्रत: श्रीमती ओडिल फ्रुजे

हेबियस कॉर्पस अर्जावरील फेडरल न्यायालयाच्या आदेशाचा गोषवारा आपल्या माहितीसाठी:

अर्जदाराची कायदेशीर मुदत ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी संपली. अर्ज १ नोव्हेंबर रोजी न्यायालयात प्राप्त झाला. कैद्याने तुरुंग प्रशासनाच्या स्वाधीन केलेला अर्ज स्वाधीन केल्याच्या दिवशीच दाखल झाला असे मानले जाते. तथापि, येथे अर्जदाराने तो मार्ग न वापरता नातेवाइकामार्फत अर्ज पाठवण्याचे स्वतःहून निवडले. सबब ही सवलत त्यास लागू होत नाही.

श्रीमती फ्रुजे यांच्या पत्राची न्यायालयाने नोंद घेतली आहे. धार्मिक विधीमुळे झालेला विलंब ही अपवादात्मक परिस्थिती ठरत नाही.

अर्ज मुदतबाह्य असल्याने त्यातील मुद्द्यांच्या गुणदोषांत शिरण्याचे कारण नाही. अर्ज फेटाळण्यात येत आहे.


२५ एप्रिल २०१४

ओडिलताई,

आदेश तुलाही गेलाय, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नाही. तू त्यातलं कुठलं वाक्य घोळवत बसली असशील तेही मला माहीत आहे. ते सोड. त्याच्या वरचं वाच. "स्वतःहून निवडले." ते माझ्याबद्दल आहे.

ऐक. आम्हा कैद्यांचे पाय बांधलेले असतात, म्हणून कायद्याने आमच्यावर एवढी एकच मेहेरबानी केलीय. तुरुंगाच्या टपालखिडकीत कागद दिला की त्याच क्षणी तो कोर्टात पोचला असं धरतात. मग खिडकीने तो गिळो की जाळो. प्रॉस्पर मला तोच नियम सांगत होता आणि मी त्याचं तोंड बंद केलं. नियम म्हणून तो ठाऊक नसला, तरी आजूबाजूच्यांचं बघून इतकी वर्षं मी याच हिशेबात जगलोय: टपालात दिलं म्हणजे दाखल झालं. माझ्या डोक्यातलं घड्याळसुद्धा या तुरुंगाचं झालंय. तुझ्यासारख्या मोकळ्या माणसाला दुसरं घड्याळ असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. म्हणून मी तुला लिहिलं, "३१ च्या आत टपालात पडलं पाहिजे." "पोचलं पाहिजे" असं लिहिलं असतं, तर तू चालत जाऊन पोचवलं असतंस. तू माझा शब्द तंतोतंत पाळलास, शब्दच चुकीचा होता.

चूक माझी आहे. तुझी नाही, संताची नाही, पाद्रीबाबांच्या पाण्याची नाही.

वर अपील करता येतं. प्रॉस्पर ते लिहितोय. पण तो माझ्याकडे बघत नाही, यावरून काय ते समज.

तीन रविवार झाले, तू आली नाहीस. ये.

तुझा,
क्लोव्हिस


२२ मे २०१४

क्लोव्हिस,

पत्र मिळालं. किती छान रचून लिहिलंस रे. लहानपणी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार मी उघडं टाकलं होतं आणि कोल्ह्याने सगळ्या नेल्या, तेव्हा बाबांपुढे असाच उभा राहिला होतास. "मी टाकलं उघडं." पट्टा तू खाल्लास. मी तेव्हाही गप्प बसले होते. यावेळी बसणार नाही.

मला घड्याळांचे नियम सांगू नकोस. नऊ दिवस आधी टाकलं असतं तर कुठल्याही घड्याळात बसलं असतं. हे शेंबड्या पोरालाही कळेल.

ज्यूडची मूर्ती मी सांदीत, रिकाम्या पिंपामागे ठेवून आले. चर्चमधल्या बायका विचारतात, प्रार्थनेला का येत नाहीस? मी गुडघे दुखतात म्हणून सांगते.

भेटीला कुठल्या तोंडाने येऊ? काचेपलीकडे तू हसणार, "ताई, असू दे" म्हणणार. ते मला सोसवणार नाही. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी आले असते.

ओडिल


८ जून २०१४

ताई,

अपील नाही म्हणाले. दोन ओळी. ते आधी सांगून टाकतो. म्हणजे आता दार नाही आणि खिडकीही नाही. मी इथेच राहणार, मरेपर्यंत.

आणि आता तुला शिव्याच हव्यात ना? घे तर मग. गाढव आहेस तू. हट्टी, दुराग्रही गाढव! कोंबड्यांच्या वेळी मी खोटं बोललो होतो, कबूल. आता खरं बोलतोय. माझा खटला चालला तेव्हा मी ज्युरीतल्या बारा जणांसमोर उभा राहून खरं सांगितलं होतं. दहांनी मला खोटा ठरवलं, आणि आपल्या राज्यात दोषी ठरवायला दहा पुरतात. पण दोघं होते, ताई. एक पांढऱ्या केसांचा माणूस आणि एक चष्मेवाली बाई. त्यांची नावं मला माहीत नाहीत. निकाल वाचताना ती बाई माझ्याकडे बघून रडत होती. इतकी वर्षं मी त्या दोघांच्या जिवावर काढली. कुणीतरी माझं ऐकून ते खरं मानलं होतं, एवढ्यावर.

आता माझी सख्खी बहीण मला म्हणते, किती छान रचून लिहिलंस. तू त्या दहांत जाऊन बसलीस, ताई. कोर्टाने नाकारलं ते मी गिळलं. हे गिळवत नाही.

मला तुझी माफी नको आणि तुझी प्रार्थनाही नको. मी खरं सांगतोय एवढं मान. आणि ये. इथे माझं नाव पुकारून "भेटीला माणूस आलंय" असं म्हणणारं दुसरं कुणी नाही. तू यायची थांबलीस तर मी मेलोय का जिवंत आहे, हे फक्त हजेरी घेणाऱ्याला ठाऊक असेल.

क्लोव्हिस


१६ सप्टेंबर २०१४

क्लोव्हिस,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. रोज कागद घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. तुझ्या शिव्या चांगल्या लागल्या. तशाच लागायला हव्या होत्या.

वॉल्डो पीट गेला, ऑगस्टमध्ये. साखरेच्या आजाराने आधी पाय नेला, मग सगळाच माणूस नेला. दफनाला मी गेले होते. युलाली मावशीला धरून उभी होते. तुला राग येईल, पण मुलगा गेलेल्या आईला मी काय म्हणणार होते?

दफनाचं जेवण झाल्यावर चर्चच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच-सहा बायका भांडी पुसत होतो. मावशी मला म्हणाली, माझ्या पोराने तुझ्या भावासाठी जे लिहून दिलं होतं, ते मी कधी ऐकलं नाही. मला वाचता येत नाही. ते कुठे आहे? मी घरी जाऊन झेरॉक्सचा संच घेऊन आले. खरं सांगू? तोवर मीही तो वाचला नव्हता. पूजा केली, पाणी शिंपडलं, पोचता केला, पण वाचला नाही. मला वाटायचं, ते कोर्टाचं काम.

तिथेच, टेबलाशी उभी राहून, मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. माझा आवाज तुला माहीत आहे, बाजारात मासे विकल्यासारखा. पण कुणी हललं नाही. त्या रात्री तू कुठे होतास, पोलिसांनी तुला कुठून उचललं, वॉल्डोला सरकारी वकिलाने काय कबूल केलं होतं, सगळं. वॉल्डोचं शपथपत्र आलं तेव्हा मला वाटलं मावशी उठून जाईल. ती बसून राहिली. भांड्यांच्या फडक्याने तोंड पुसत होती.

वाचून झालं. मावशी म्हणाली, "मग हे सगळं ऐकून जज काय म्हणाला?"

मी म्हटलं, "त्याने वाचलं नाही."

"का?"

"एक दिवस उशिरा पोचलं."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती हसली, मग माझं तोंड बघून थांबली. म्हणाली, "एका दिवसासाठी माणूस मरेपर्यंत आत?" मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, "कुणामुळे झाला उशीर?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. "माझ्यामुळे" असं म्हणायला मी तोंड उघडलं. महिनोन्‌महिने मी स्वतःला दुसरं काही म्हटलेलंच नव्हतं. आणि तेवढ्यात मला तुझ्या पत्रातली ती चष्मेवाली बाई आठवली, जिला मी कधी बघितलं नाही. मी म्हटलं, "आमच्या दोघांमुळे. त्याने मला चुकीचं सांगितलं आणि मी ते उशिरा केलं." तोंडातून निघालं आणि कळलं, हे खरं आहे.

अर्धी चूक मी माझ्याकडे ठेवतेय. ती तू मागू नकोस, मी देणार नाही. पण तुझी अर्धी तुझी आहे, हे मी मानलं. तू खोटं बोलत नव्हतास.

भांडी तशीच राहिली. युलाली मावशीने कागद माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, "माझ्या वॉल्डोचं पान परत वाच." मी परत वाचलं.

रविवारी येतेय. मावशीही येते म्हणते. तिला तुझ्याशी काही बोलायचं नाही, नुसतं समोर बसायचंय. तिचं नाव भेटीच्या यादीत घालून घे.

तुझी,
ओडिल